पाटीवर चढलेली चूक

२००६ सालच्या मे महिन्यात एका शनिवारी लंडनजवळच्या पिनरच्या चर्च हॉलमध्ये, मुलांची मराठी शाळा सुटल्यावर, चहाच्या टेबलावर एक कॅसेट वाजवण्यात आली. कॅसेटवर रेडिओच्या फोन-इन कार्यक्रमातलं संभाषण होतं. फोन करणाऱ्याने आपलं नाव 'विक, पिनरहून' असं सांगितलं होतं. विक म्हणजे आमचे विनायककाका. ऐकणाऱ्यांत मनीष नावाचा नागपूरचा एक तरुण होता. तो हॉलमध्ये पहिल्यांदाच आला होता. कॅसेट संपायच्या आत तो उठून गेला.

काका २००९ मध्ये गेले. पिनरमध्ये त्यांना सगळे बेसबॉलकाका म्हणत. तरुणपणी ते शिकागोजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि इंग्लंडला येताना तो खेळ बरोबर घेऊन आले होते. इथे तो कुणी खेळत नसे. काका लायब्ररीत जाऊन अमेरिकेहून उशिरा येणाऱ्या वर्तमानपत्रात सामन्यांचे आकडे वाचत. "काका, हे निकाल शिळे झाले," असं कुणी म्हटलं, की ते म्हणत, "शिळा झाला म्हणून निकाल खोटा होत नाही. तुमच्या ताज्या बातम्यांचं सांगा."

क्रिकेटवर त्यांचा एकच आक्षेप होता. "झेल सोडला की सगळे 'बॅड लक' म्हणून टाळ्या वाजवतात. बेसबॉलमध्ये चूक पाटीवर चढते. धावा किती, हिट्स किती आणि एरर किती. सगळ्या स्टेडियमला दिसते." दर उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला ते पार्कमध्ये सामना भरवत. शाळेतला व्हाइटबोर्ड झाडाला टेकवून त्यावर तीन रकाने आखत. "काका, हा तर आमचा शाळेतला राउंडर्स आहे!" असं मुलं ओरडत. काका त्या मुलांच्या संघाला खेळ सुरू होण्याआधीच एक एरर देत.

बातम्यांवर त्यांचं मत तयार असे. पार्लमेंटमधले प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम ते न चुकता पाहत. "सगळे ओरडतात, उत्तर कुणी ऐकत नाही. आपली वार्षिक सभाच ती, फक्त चिवडा नसतो." वर्तमानपत्रांवर त्यांचा खास राग होता. मी तेव्हा एका लहान साप्ताहिकात उपसंपादक होतो, त्यामुळे हा राग माझ्या वाट्याला येई.

"अहो बातमीदार, पहिल्या पानावर ज्याला चोर म्हटलंत, त्याची माफी कुठे छापता?"

"दुसऱ्या पानावर. खाली."

"हवामानाच्याही खाली. का? लाज वाटते म्हणून. अरे, चूक केली तेव्हा वाटली नाही, मग दुरुस्त करताना कशी वाटते?"

रेडिओला ते महिन्यातून एक-दोनदा फोन करत. युद्ध, ट्रेनचं भाडं, टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोमधलं भांडण, कुठलाही विषय त्यांना चाले. ते ऑन एअर गेले की काकू स्वयंपाकघरातला टेपरेकॉर्डर चालू करत. शनिवारी ती कॅसेट हॉलमध्ये येई. चहाबरोबर काकांचा आवाज ऐकायचा आणि हसायचं, हा आमच्याकडचा रिवाजच झाला होता.

त्या आठवड्यात विषय होता बाहेरून येणाऱ्या लोकांचा. काकांनी सांगितलं होतं, की त्यांच्या शेजारच्या भाड्याच्या घरात व्हिसावर आलेले नऊ जण राहतात. स्थानिक कौन्सिलला हे दिसत नाही का, असं त्यांनी विचारलं होतं. आपल्या रस्त्याचं नावही त्यांनी घेतलं होतं. निवेदकाने नऊ हा आकडा कसा कळला, असं विचारलं. काका म्हणाले होते, "आय काउंटेड द शूज." हॉलमध्ये या वाक्याला हशा पिकला. दारातल्या चपला-बुटांवरून घरातली माणसं मोजायची सवय तिथल्या प्रत्येकाला होती.

मनीष बायको केतकीबरोबर त्याच शेजारच्या घरात राहत होता. आदल्या दिवशी काकूंनी कुंपणावरून त्याला हॉलवर यायचं आमंत्रण दिलं होतं. त्या घरी शनिवारी गर्दी असते, म्हणून तो येणार नाही, असं त्यांना वाटलं होतं.

मनीष उठून निघाला, तेव्हा काका त्याच्या मागे दारापर्यंत गेले. मी तिथेच कपात चहा ओतत होतो.

"अरे, ते इन जनरल बोललो मी. तुझं नाव कुठे घेतलं?"

"काका, केतकीला डॉक्टरने बेड रेस्ट सांगितलीय. सहावा महिना आहे. आईला व्हिसा मिळाला नाही. माझी शिफ्ट असते, म्हणून ऑफिसमधले मित्र वॉटफर्डहून आळीपाळीने येतात, शनिवारी सगळेच. स्वयंपाक करतात, तिच्याजवळ बसतात. ते बूट त्यांचे."

"मला सांगायचंस ना."

"तुम्ही विचारायचं होतं, काका. भिंतीला भिंत आहे आपली."

काका मागे फिरले. आत येऊन त्यांनी टेपरेकॉर्डर बंद केला. तो आधीच बंद होता.

रेडिओवर घेतलेलं रस्त्याचं नाव घरमालकाच्या कानावर गेलं. घरात जास्त माणसं ठेवल्याचा ठपका ठेवून त्याने मनीषला घर सोडायची नोटीस दिली. काकांनी मालकाला फोन केला. मालक म्हणाला, की तक्रारही शेजाऱ्यांचीच आणि शिफारसही शेजाऱ्यांचीच, त्याने कुठली खरी मानायची? काकांनी रेडिओला फोन केला. फोन घेणाऱ्या मुलीने तो विषय संपल्याचं आणि आज पार्किंगवर चर्चा असल्याचं सांगितलं. त्यानंतर ते माझ्याकडे आले.

"तुमच्या पेपरात छापा. पहिल्या पानावर."

आमच्या पेपरने मूळ बातमी छापलीच नव्हती. त्यामुळे दुरुस्ती छापता येणार नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"हवामानाखाली तरी?"

तेही शक्य नव्हतं.

जूनमध्ये मनीष आणि केतकी वॉटफर्डला, त्याच्या एका मित्राच्या घरी राहायला गेले. सामान हलवताना काकू पोळीभाजीचा डबा घेऊन गेल्या. केतकीने डबा घेतला आणि थँक्यू म्हटलं. काका पडद्यामागे उभे होते. काकू घरी येऊन म्हणाल्या, "बोलणारे तुम्ही, पण टेपचं बटण मी दाबलं होतं." शनिवारी काका आता टेबलाशी बसत नसत. ते हॉलच्या किचनमध्ये कप विसळत. कुणी ताज्या बातमीवर मत विचारलं, तर "मला पूर्ण माहिती नाही," म्हणत. हे वाक्य त्यांच्या तोंडून आधी कुणी ऐकलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये पिकनिक झाली. काकांनी बोर्ड झाडाला टेकवला, रकाने आखले आणि खेळ सुरू होण्याआधी एररच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. मुलं हसली. काकांनी त्यांना गप्प केलं नाही. ते मोठ्या माणसांकडे वळून म्हणाले, "माझ्या शेजारच्या घरात नऊ जण राहतात, असं मी रेडिओवर सांगितलं होतं. ते खोटं होतं. दोघं राहत होती. बाकीचे मदतीला येत होते. मी विचारलं नव्हतं." कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या हो काका, बॅड लक." काका म्हणाले, "नाही."

नाव सामना संपेपर्यंत बोर्डवर होतं. सतरंज्या गुंडाळताना काकू त्यांना म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी लिहिलंत, त्यांनी कुठे पाहिलं?"

सप्टेंबरमध्ये केतकीला मुलगी झाल्याचं कळलं. त्यानंतरच्या रविवारी मी काका-काकूंना गाडीने वॉटफर्डला सोडलं. वाटेत रेडिओ लावू का, असं मी विचारलं. काकांनी मान हलवून नको म्हटलं. घरासमोर जागा नव्हती, म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे थांबलो. दार मनीषने उघडलं. तो बाजूला झाला. दाराच्या आत बुटांची मोठी रांग होती. काकांनी एका हाताने भिंत धरून वाकून आपले बूट काढले आणि रांगेच्या शेवटी ठेवले.