चिमणीच्या तोंडचे आवाज

शाळेतल्या मदतनीस बाईंना सगळे ताई म्हणत. आधीची नोकरी कापडाच्या गिरणीत, त्यामुळे आवाज खणखणीत. इथे मात्र तो पहिल्याच दिवशी गिळावा लागला. कारण चिमणी. आठ वर्षांची पोर, कान शाबूत, पण वर्गातला गलका, पंख्याची घरघर आणि सरांचं बोलणं तिच्या डोक्यात एकात एक मिसळून जायचं. खुर्ची सरकली तरी ती टेबलाखाली शिरायची. शाळेत तिच्या तोंडून कुणी कधी शब्द ऐकला नव्हता. म्हणून ताईंनी खुर्च्यांच्या पायांना जुने टेनिसचे चेंडू कापून बसवले, किल्ल्यांच्या जुडग्याला फडकं गुंडाळलं, मऊ चपला घेतल्या. सासूबाई वैतागायच्या, "घरातसुद्धा भुतासारखी फिरतेस. एक दिवस माझा जीव घेशील."

मग शाळेने यंत्र आणलं. माइक सरांच्या कॉलरला, आवाज थेट चिमणीच्या कानात. पोर चक्क गणितं सोडवायला लागली. ताईंना तर आभाळ ठेंगणं झालं.

त्या दुपारी चिमणीच्या आईला बोलावलं होतं. पोरीला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, याचा फैसला होता. सर आणि मोठ्या बाई आईबरोबर ऑफिसात बसले, ताई चिमणीला घेऊन शांत खोलीत. खिडकीला जाड पडदा, कोपऱ्यात गादी. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

"बसा ना, पाणी घ्या," चिमणी म्हणाली. आवाज मोठ्या बाईंचा, अगदी त्यांच्या त्या गोड सुरासकट.

ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पोर भिंतीकडे बघत होती. पापणीही लवत नव्हती.

"आमची काही तक्रार नाही, पण इतर पालक..." आता सर. मग बारीक, चिरकलेला आवाज, "अजून एक वर्ष द्या हो." आई.

ताईंना उलगडा व्हायला क्षणभर लागला. सर माइक बंद करायचा विसरले होते. विसरभोळा मेला. एवढ्याशा तोंडातून तीन मोठी माणसं बोलत होती, आणि बोलत होती तिच्याबद्दलच. ताईंनी यंत्र काढायला हात पुढे केला, तर चिमणीने दोन्ही कान घट्ट दाबून धरले. तिला ऐकायचं होतं.

मग ताईंचं डोकंच सणकलं. त्यांनी तिचा हात धरला आणि तरातरा ऑफिस गाठलं. दार ढकललं.

आत मोठ्या बाई आईची समजूत काढत होत्या, "तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. तिला कुठे काय कळतंय?"

शेवटचं वाक्य खोलीत दोन तोंडांतून एकदमच आलं. तोच सूर, तोच उसासा. मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सरांचा हात आपसूक कॉलरकडे गेला. आई उठून उभी राहिली, पण जागची हलेना.

चिमणीने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. ताईंनी आजवर न ऐकलेल्या, तिच्या स्वतःच्या घोगऱ्या आवाजात तिने विचारलं, "मग मी कुठे जायचं?"