बत्तिसावा चौकोन

तारीख नऊ फेब्रुवारी, शनिवार, सात वर्षांपूर्वीची. रक्कम अठरा हजार सहाशे रुपये, यंत्राची. हजर तिघं: मी, माझी धाकटी बहीण नंदा आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी. जागा वारज्यातल्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल.

एवढं मी अनेकांना सांगितलं आहे. यंत्र घेतलं, स्वतःच्या पैशांनी घेतलं, हे तर दोन-तीनदा जास्तच सांगितलं असेल. पण त्या दिवशी टेबलावर मी काय केलं, आणि दोन महिन्यांनी बिबवेवाडीत काय बोललो — ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतो आहे? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

नंदाची ओळख आधी करून द्यायला हवी. माझ्याहून सात वर्षांनी लहान. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. तेव्हापासून चालता येत नाही, मान सारखी हलत असते, आणि शब्द तोंडात तयार होतो पण बाहेर येताना त्याचा नुसता आवाज होतो. समजतं मात्र सगळं. अगदी सगळं. उजव्या हाताचं एक बोट तिचं ऐकतं. आईला तिचे आवाज कळायचे. आई गेल्यावर घरात दोघंच उरलो. मी लग्न केलं नाही. बहिणीसाठी केलं नाही, असं लोक म्हणायचे, आणि मी त्यांना कधी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर दोन ठिकाणांहून नकार आला होता, तिसरीकडे विचारलंच नाही. पण "भाऊ असावा तर असा" हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

बिबवेवाडीत एक संस्था आहे. नंदासारख्या बायका तिथे एकत्र राहतात, जमेल ते काम करतात, आपापला दिवस आपण ठरवतात. आईने जाण्याआधी तिचं नाव तिथे नोंदवून ठेवलं होतं. त्या जानेवारीत त्यांचा फोन आला — एप्रिलमध्ये एक खोली रिकामी होते आहे. त्यांचा नियम एकच होता: येणारीने स्वतः सांगितलं पाहिजे. घरच्यांचं हो-नाही चालणार नाही. बोलता येत नसेल तर बोलणारं यंत्र घ्या, असं त्यांनीच सुचवलं.

म्हणून ते यंत्र. बत्तीस चौकोन. प्रत्येक चौकोनात एक वाक्य कुणाच्या तरी आवाजात भरून ठेवायचं, वर चित्र चिकटवायचं, आणि बोट दाबलं की ते वाक्य मोठ्याने ऐकू येतं. वाक्यांची यादी घरच्यांनी करायची. म्हणजे मी करायची.

मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. यादी करणं हे माझं रोजचं काम आहे. कुठली वस्तू किती लागेल, कुठली लागणारच नाही, हे मला विचार न करता कळतं. रात्रभर बसून यादी केली असं नाही — अर्ध्या तासात झाली. पहिला चौकोन: "दादा, आलास का?" दुसरा: "पाणी हवंय." पाचवा: "चहा छान झालाय." सातवा: "हो." अकरावा: "मी घरी सुखात आहे." अशी एकतीस वाक्यं. आवाज वहिनींचा. त्या एकेक वाक्य वाचत गेल्या, मी बटण धरून ठेवत गेलो. नंदा समोर बसून ऐकत होती.

शेवटी वहिनींनी यादी उलटी करून पाहिली.

"भाऊजी, आणि 'नको' कुठेय?"

"ती नको म्हणतच नाही कशाला."

"देवीच म्हणायची! आमच्याकडे सकाळपासून दुसरं काही ऐकू येत नाही." त्या हसल्या. "अहो, एक चौकोन शिल्लक आहे, त्यात टाका की."

"राहू दे. पुढे काही लागलं तर असावा."

असं मी म्हणालो. स्टोअरमध्ये एक खण रिकामा ठेवतात, तसं. वहिनींना पटलं. मी नंदाकडे पाहिलं नाही.

विसरलो होतो का? — नाही. हाच तर प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत आलो. 'नको' मला आठवलं होतं, यादी करताना दोनदा आठवलं होतं. पण एकदा नको म्हणता आलं की माणूस पुढे काय काय म्हणेल, याचा हिशेब लागत नाही. रोज सहा वाजता मी कारखान्यातून यायचो. हातपाय धुऊन तिच्यासमोर बसायचो आणि नऊपर्यंत बोलायचो. मॅनेजर काय म्हणाला, बसमध्ये कोण भेटलं, भाजी कशी महागली. तीन तास. माझं एवढं ऐकून घेणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. आजही नाही. हे कारण म्हणून सांगतो आहे, सबब म्हणून नाही. दोन्हींत फरक असतो ना? असावा.

आता पुढचं. यंत्र आल्यापासून चौथ्या दिवशी तिने तो रिकामा चौकोन दाबला. त्यात काहीच भरलेलं नव्हतं, त्यामुळे नुसतं टक् वाजलं. चुकून बोट पडलं असेल, असं वाटलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप पुढे ठेवला — टक्. टीव्हीवर मला हवं ते लावलं — टक्. संध्याकाळी बोलायला बसलो — टक्. बत्तिसावा चौकोन, उजवीकडचा खालचा कोपरा, तिच्या बोटाला सगळ्यांत लांब. तिथपर्यंत हात न्यायला तिला मोजून वीस सेकंद लागायचे. चुकून कुणी वीस सेकंद कष्ट घेतं का?

मी जे दिलं नव्हतं, ते तिने रिकाम्या जागेत स्वतः भरलं होतं. आणि मला ते कळलं होतं. एका आठवड्यात मी एकशे चाळीस टक् मोजले. मोजले, आणि म्हणत राहिलो, "घे गं, चहा गार होतोय."

पाचवा चौकोन, "चहा छान झालाय", तिने एकदाही दाबला नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बिबवेवाडीला गेलो. संस्थेच्या बाई साध्या होत्या, माझ्याच वयाच्या. नंदाच्या चाकांच्या खुर्चीला पुढे फळी होती, तिच्यावर यंत्र ठेवलं. बाईंनी विचारायच्या आधीच मी बोलायला लागलो — आईची इच्छा होती म्हणून आलोय, पण नंदाला घरीच करमतं, दोघं बहीणभाऊ मजेत आहोत. बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि तिच्याकडे वळल्या.

"दादा म्हणतात तुम्हाला घरीच राहायचंय. खरं ना?"

नंदाचा हात निघाला. सातव्यावरून पुढे गेला. अकराव्यावरून पुढे गेला. मला ठाऊक होतं तो कुठे चालला आहे. ते वीस सेकंद — काय सांगू? हात थांबवू शकलो नसतो, पण त्याचा अर्थ मी बाईंना सांगू शकलो असतो. टक्. बाई वाट पाहत राहिल्या. टक्. टक्. नंदाने माझ्याकडे नाही, बाईंकडे पाहिलं. टक्.

"हे बटण बिघडलंय का हो?" बाईंनी मला विचारलं.

आणि मी म्हणालो, "हो. ते चालत नाही."

बाई तिला आणखी काही विचारणार होत्या. तोंड उघडलं होतं त्यांनी. मी उठलो, "दमलीय ती, वारज्याहून यायचं म्हणजे" असं काहीतरी म्हणालो, यंत्र फळीवरून उचललं आणि पिशवीत घातलं. बाईंनी वहीत लिहिलं: इच्छा नाही.

हीच ती गोष्ट. कुणाच्या समोरून ताट ओढून घेतलं तर लोक काय म्हणतील? मी तिच्या समोरून तिचं तोंड उचलून पिशवीत घातलं, आणि कुणी काही म्हणालं नाही. परतीच्या गाडीत तिचं बोट फळीच्या उजव्या कोपऱ्यावर आपटत होतं. यंत्र तिथे नव्हतं, आवाजही येत नव्हता. वारजे येईपर्यंत आपटत होतं.

त्यानंतर चार वर्षं. हा आकडा एकदा नीट वाचा. चार वर्षं.

मग यंत्र खरंच बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने ते उघडलं, उलटंपालटं केलं. "साहेब, हा चौकोन तर कोरा आहे. मग सगळ्यांत जास्त हाच कसा झिजला?" कुठला भाग किती वापरला गेला हे झिजेवरून ओळखायचं, हे मीच माझ्या हाताखालच्यांना शिकवतो. मी त्याला म्हणालो, माहीत नाही.

त्याचे सुटे भाग मिळत नव्हते. मी नवीन यंत्राचं पुढे ढकलत राहिलो. वहिनींनी मात्र ओळखीतून एक वाचाउपचार करणारी मुलगी घरी आणली. तिने आपला टॅब नंदासमोर धरला. त्यात शेकडो शब्द, आणि ते जोडून आपलं वाक्य आपण करायचं. कुणी यादी करायची नाही. नंदाने पहिला शब्द शोधायला सहा मिनिटं घेतली. तो कुठला होता, हे तुम्हाला सांगायला नको. वहिनी टाळ्या वाजवायला लागल्या. मीही वाजवल्या.

तीन महिन्यांनी तिने संस्थेच्या बाईंना स्वतः विचारलं, खोली आहे का. आणखी पाच महिन्यांनी गेली. जाताना माझ्याबद्दल त्यांना काही सांगितलं नाही. सांगता येत होतं, तरी. आता ती तिथे दाराशी बसते, येणाऱ्याला टॅबवरून नाव-काम विचारते, कुणाकडे पाठवायचं ते सांगते. आत जायचं तर मलाही आधी तिला सांगावं लागतं.

मी सहा वाजता घरी येतो. जुनं यंत्र भिंतीवरच्या फळीवर आहे. कधी कधी पहिला चौकोन दाबतो — "दादा, आलास का?" त्यात आता काही नाही. सगळेच चौकोन टक् वाजतात.

गेल्या महिन्यात भेटायला गेलो, तर तिने कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये चहाला नेलं. खुर्ची तिची ती चालवते आता. मी मागून चालत होतो. काउंटरपाशी मी तोंड उघडायच्या आत टॅब बोलला, "दोन चहा. एक बिनसाखरेचा."

मला बरं वाटलं. मागच्या भेटीत मी तिला माझी शुगर वाढल्याचं सांगितलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं होतं. मी हात पुढे केला.

"हां ताई, तुमचा नेहमीचा," चहावाला म्हणाला आणि बिनसाखरेचा कप तिच्या फळीवर ठेवला, प्यायची वाकडी नळी लावून.

आई अंथरुणाला खिळल्यापासून चहा मीच करायचो. अकरा वर्षं, रोज दोन कप, कपाला दोन चमचे साखर. गुणाकार मी केला आहे. इथे लिहीत नाही.

माझ्या हातात साखरेचा आला. प्यायलो. मग खिशात हात घातला. टॅब म्हणाला, "नको." गळ्यातल्या बटव्यातून तिने नोट काढली. त्याला वीस सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. चहावाला थांबला, मीही थांबलो.

सत्तावीस रुपये. चहावाल्याला. तिने दिले.