आमचे न बसणारे व्याही

कोल्हापुरातल्या सगळ्या खुर्च्या उद्या मोडल्या, तरी आमच्या व्याह्यांना त्याचा पत्ता लागणार नाही. लेकीच्या लग्नात मी त्यांना पाच वेळा "बसा की" म्हणालो. पाचही वेळा त्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी दंडाला धरून त्या खुर्चीत बसवलं. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं आणि धंदाही येरझाऱ्या घालत. धंदा असा, की समाजसेवी संस्थांना कंपन्यांकडून देणगी मिळावी म्हणून त्यांची प्रपोजलं लिहून द्यायची. मंगळवार पेठेतल्या खोलीत हे फिरत फिरत मजकूर सांगतात, विहीणबाई टाइप करतात. मधेच हे गॅलरीत गेले की त्या आतून ओरडतात, "अहो, अर्धं वाक्य घेऊन कुठं चाललाय?" या धंद्याआधी ते बँकेत कर्जाचे अर्ज तपासायचे. "पावणं, जन्मभर न्हाय म्हणायचं काम केलं," ते म्हणतात. "न्हाय कुठनं निघतं ते मला ठावं हाय."

मी कर्णबधिर मुलांच्या एका शाळेचा विश्वस्त. राधानगरीकडच्या वाड्यांवरची पोरं दोन एसट्या बदलून येतात. शाळेला गाडी मिळाली नाही, तर पुढच्या जूनपासून ती पोरं घरीच राहणार होती. व्याह्यांनी प्रपोजल लिहिलं, कंपनीचे साहेब पाहणीला यायचं ठरलं. "शाळा हाय तशी दाखवा," व्याह्यांनी मला बजावलं, "डोकं चालवू नका."

मी चालवलं. पाहुण्याला काय नुसत्या चहावर घालवायचं? विश्वस्तांच्या घराघरांतून तांबडा-पांढरा रस्सा आला, सुकं मटण आलं. साहेबांना फेटा बांधला, एका विश्वस्ताच्या नव्याकोऱ्या गाडीतून फिरवलं. साहेब तृप्त होऊन गेले. आठवड्यानं पत्र आलं: संस्थेची सुस्थिती पाहून आनंद वाटला, मदत अधिक गरजू संस्थेला देत आहोत.

व्याह्यांनी खोलीला अकरा फेऱ्या मारल्या. मी मोजल्या, कारण मान वर करायची सोय नव्हती. "माझ्या प्रपोजलापेक्षा तुमचा पांढरा रस्सा त्यास्नी जास्त पटला," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी एका वाडीवर मुक्कामाला गेले. सकाळी तिथल्या एका मुलीबरोबर शाळेपर्यंत आले आणि तेवढंच कंपनीला लिहून पाठवलं: चिखल कुठं लागला, एसटी कुठं चुकली, पोचेपर्यंत तिचे किती तास बुडाले. शेवटी, मटण कुणाकुणाच्या घरचं होतं तेही.

गाडी आली. नारळ फुटला तरी व्याही तिच्याभोवती फिरतच होते, टायर दाबून बघत होते. मी सवयीनं म्हणालो, "बसा की."

आणि ते बसले. मागच्या सीटवर, त्या मुलीशेजारी. खिडकीतून हळूच म्हणाले, "बँकेत असताना एका बाईनं पोराच्या कानाच्या मशिनीसाठी अर्ज केलता. एक कागद कमी होता. उभ्या उभ्या परत पाठवली मी तिला. बसा सुदिक म्हटलं न्हाय."

मुलीनं त्यांची बाही ओढून त्यांना पलीकडं सरकवलं, खिडकी स्वतः घेतली, आणि गाडी निघाली.

परवा ते घरी आले. चहा पुन्हा उभ्यानंच. मी आता आग्रह करत नाही. माझा कप घेऊन त्यांच्याजवळ उभा राहतो.