बुलबुलामागचा निळा पडदा

"काढा आधी तो पडदा."

"पाच मिनिटं थांब."

"सकाळपासनं तुमची पाचच मिनिटं चाललीत. ती आई तिकडं वायरवर बसून ओरडायली, इकडं पिल्लं चोची वासून बसलीत. काढा म्हणते ना."

"मल्लम्मा, मागं मोरी हाय. मोरीचा पाइप हाय, तुझी वाळत टाकलेली फडकी हायत. फोटोत बुलबुल बघायचं का फडकी?"

"फडकी दिसली तर काय बिघडलं? ती मोरीपाशीच राहती. तिला कुठं पासपोर्ट काढायचाय?"

स्टुलावर बसून, कॅमेऱ्याला डोळा लावून, केदारअप्पा कढीपत्त्याच्या झाडाकडे बघत राहिले. खांद्याइतक्या उंचीवर, फांदीच्या बेचक्यात बुलबुलाचं घरटं होतं. आत तीन पिल्लं. घरटं पानाआड होतं, म्हणून अप्पांनी सकाळी पुढच्या डहाळ्या दोऱ्यानं बाजूला बांधल्या होत्या आणि मागे दोरीवर स्टुडिओतला निळा पडदा ताणून लावला होता.

गिऱ्हाइकाला पडद्यापुढं बसवायची सवय. दुसरं काय.

परळीत स्टेशनकडच्या एका गल्लीत अप्पांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढं स्टुडिओ, मागं घर, त्यामागं मोरीचं अंगण. अर्ध्या परळीनं त्यांच्याकडून एकच वाक्य ऐकलंय, "मान सरळ, हनुवटी खाली, दोन्ही कान दिसू द्या." आता लग्नाची कामं ड्रोनवाल्या पोरांकडे गेली. अप्पांकडे पासपोर्ट साइज तेवढे राहिले. दुपार मोकळी मिळायला लागली तसा कॅमेरा मागच्या अंगणात आला. चिमण्या, साळुंक्या, खार, मोरीतला बेडूक, सगळी अप्पांची गिऱ्हाइकं. थर्मल वीज केंद्राची राख पानापानांवर बसते, तर फोटोआधी अप्पा ओल्या फडक्यानं पानं पुसतात. गिऱ्हाइकाला जसा कंगवा आणि पावडर द्यायचे, तसंच. साळुंकी एका अंगानं बसली की म्हणतात, "बाई, दुसरा कान कुठाय?"

पण हा नाद मोकळ्या वेळेचा नाही, हे मल्लम्माला ठाऊक होतं.

त्यांची एकुलती एक लेक रुद्राणी. तिनं तेलगावच्या प्रवीणशी लग्न केलं, बीडला, रजिस्टर. प्रवीण बौद्ध घरातला. आपल्या लिंगायत भावकीला काय सांगायचं, या एका प्रश्नापाशी अप्पा अडकले ते अडकलेच. लग्नाला गेले नाहीत. शेकडो स्टेजपुढं उभं राहून "नवरीबाई, जरा इकडं बघा" म्हणणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या लेकीच्या लग्नाचा एक फोटो नाही. तेव्हापासून रुद्राणीचा फोन आला की अप्पा उठून स्टुडिओत जातात.

मात्र रोज सकाळी ते एक पाखरू स्टेटसला ठेवतात. आणि मग चहाच्या आत चार वेळा मोबाइल उघडतात.

"बघितलं का लेकीनं?" मल्लम्मा विचारते.

"मी बॅटरी बघायलतो."

"बॅटरी बघितली का मग लेकीनं?"

बुलबुलाची तीन अंडी स्टेटसला गेली, मग डोळे मिटलेली गुलाबी पिल्लं गेली. आता अप्पांना आई घास भरवताना पाहिजे होती. सकाळी पडद्यापुढं पिल्लांचा एक फोटो आला, इतका स्वच्छ की तो त्यांनी लगेच स्टेटसला टाकला आणि आईची वाट बघत बसले. आई मात्र पडदा लागल्यापासून घरट्याकडे फिरकली नव्हती.

"एक पिल्लू मान टाकायलंय," मल्लम्मा हळूच म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

"झोपलं असंल."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. रुद्राणी. हात पिठाचे होते, म्हणून मल्लम्मानं कोपरानं स्पीकर लावला.

"आई, अप्पा कुठायत?"

"हे काय, समोरच."

एरवी अप्पा उठले असते. पण लांब वायरवरून बुलबुल आत्ताच भिंतीवर आलं होतं. उठलं तर उडालं असतं. ते स्टुलाला चिकटून बसले.

"अप्पा," फोनमधून आवाज आला. "फोटोत पिल्लांवर सगळं ऊन आलंय. पानं कावून बांधलीत तुमी? आणि तो पडदा काढा. फडफडायला असंल तो, ती भेतीय."

अप्पांनी मल्लम्माकडे बघितलं. "तिला सांग, काढतो म्हणावं."

"तीच ऐकायली की. तुमीच सांगा."

"फोटो न्हाई आला तरी चालंल," रुद्राणी म्हणाली. "मोरीच्या पाइपाचा ठेवा. मी रोज बघतेच."

अप्पा उठले. बुलबुल उडालं. त्यांनी एकेक दोरा सोडला, डहाळ्या हातानं धरून हलकेच जागेवर आणल्या. पडदा ओढून काखेत मारला आणि मागच्या दारात चपला सोडून स्वयंपाकघरात आले. कॅमेरा स्टुलावरच राहिला. खिडकीच्या एका फटीला मल्लम्मा, दुसऱ्या फटीला अप्पा, मध्ये ओट्यावर फोन.

"आली का?" फोननं विचारलं.

"वायरवर हाय," मल्लम्मा कुजबुजली. "भिंतीवर आली. आली, आली... न्हाई. गेली."

"आता?"

"चुप बस, ती ऐकंल."

"आई, मी बीडात हाय."

पोळीचा जळका वास आला. मल्लम्मानं गॅस बंद केला, पण जागा सोडली नाही. मग कढीपत्त्याची एक डहाळी खाली वाकली.

"आली," अप्पा म्हणाले. मल्लम्माला नाही, ओट्याकडे तोंड करून. "तोंडात टोळ हाय. मोठ्याला दिला. परत जायली... दुसरं आलं, बाप असंल. मान टाकलेलं उठलंय बघ. घेतलं, घेतलं त्यानं."

फोनमध्ये कोणीतरी नाक ओढलं.

"फोटो काढला का अप्पा?"

"न्हाई. कॅमेरा बाहेर राहिला."

"राहू द्या." मग रुद्राणी एका दमात म्हणाली, "रविवारी आमचा एक काढता का? मी आणि प्रवीण. लग्नाचा काढायचा राहिलाय. निळं घालून येणार न्हाई, पडद्यात मिसळतं, माहीत हाय मला."

अप्पांच्या काखेतला पडदा सुटायला लागला. त्यांनी तो पुन्हा आवळून धरला.

"अहो, पोर विचारायली," मल्लम्मा म्हणाली.

अप्पांनी मागच्या दाराकडे बघितलं. चपला तिथं होत्या, पण तिथनं गेलं तर बुलबुल उडालं असतं. ते वळले आणि रविवारचं हो-नाही न सांगताच पुढच्या दारानं, अनवाणीच, उन्हात बाहेर पडले.