सामाईक कप्प्यातले अकरा फोटो

पाथर्डीच्या स्टँडामागे सबिहाचं फोटोचं दुकान. गिऱ्हाइकांच्या मोबाईलमधून व्हायरस येऊन एकदा सगळे अल्बम उडाले, तेव्हा तिच्या धाकट्या भावाने, परवेझने, कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही सहसा व्हायरस न धरणारी दुसरी प्रणाली घातली. गिऱ्हाइकाच्या मोबाईलचं मेमरी कार्ड उघडायचं लिनक्समध्ये, अल्बम करायचा विंडोजमध्ये, आणि डिस्कचा एक कप्पा दोन्ही प्रणालींचा, भावाभावांच्या सामाईक विहिरीसारखा. "विंडोज झोपवून ठेवू नको आपा, पुरतं बंद कर, मगच लिनक्स लाव," असं त्याने दहादा बजावलं होतं. पण सबिहाला कुठला आलाय दम! ती झोपवायची. लिनक्स कुरकुरलं तरी कप्पा सक्तीने उघडायची. वर्षभर काही झालं नाही, म्हणजे होतच नाही, अशी तिची समजूत.

आज दुपारी विंडोज उघडलं आणि कप्प्यात बन्सी नव्हता.

बन्सी म्हणजे छबूबाईचा मुलगा, गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली गेलेला. त्याचे होते नव्हते ते अकरा फोटो छबूबाईने सकाळी कार्डातून आणून दिले होते. एक मोठा करून फ्रेम हवी होती. चारला तिच्या ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक निघणार होता. सबिहाने विंडोज झोपलेलंच ठेवून लिनक्समधून फोटो कार्डातून कप्प्यात हलवले आणि म्हातारीला बरं वाटावं म्हणून रिकाम्या कार्डात काठोकाठ भजनं भरली. कुणी सांगितलं होतं हे शहाणपण?

सबिहाने परवेझला फोन लावला.

"झोपलेलं विंडोज उठलं की आपली जुनीच नोंद खरी धरतं, आपा. मधे ठेवलेलं पुसून जातं. कार्डावर नवीन काही भरलं नाहीस ना? नसशील तर तिथले पुसलेले फोटो परत काढता येतील."

सबिहाने फोन ठेवून दिला.

साडेतीनला छबूबाई दारात उभी. सबिहा म्हणाली, "मावशी, फोटो न्हाई राहिले."

छबूबाई मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझंच चुकलं, बाई. कार्ड कनवटीला लावून हिंडले. घामानं नासलं आसंल."

सुटका आयती चालून आली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सबिहाला स्वतःचीच भीती वाटली, कारण मान हलायला लागली होती.

"न्हाई मावशी. कार्ड चांगलं हुतं. माझ्या हातनं गेले."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. छबूबाई चिडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली.

"त्याचं डोळं कसं हुतं, आत्ताच लई येळ आठवावं लागतंय," ती म्हणाली. "पुढल्या सालापातुर माझ्या ध्यानात ऱ्हाईल का गं त्यो?"