सीमेवर मागितलेला अंगठा

“बुढिया का अंगूठा लगवा दो.”

हे खिडकीतला बाबू माझ्या लेकीला म्हणाला. मी तिच्या शेजारीच उभी होते, खिडकीचा गज धरून. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि चहा प्यायला लागला.

त्याआधी त्याने आमची पिशवी टेबलावर उपडी केली होती. माझी लुगडी, लेकीचे आतले कपडे, माझ्या गोळ्या. सुके बोंबील कागदात बांधून घेतले होते, तेही सोडले. नाक धरलं. “क्या लाश लेके घूम रहे हो?” मागची रांग हसली. लेकीने मान खाली घालून कपडे गोळा केले. मी बोंबील गोळा केले.

नेपाळची सीमा. आपल्या बाजूचं, गाडीचे कागद बघायचं ऑफिस. आमच्या दिवाळे गावाहून पाच दिवस मोटरसायकलवर बसून आम्ही तिथे पोचलो होतो. माझं वय अडुसष्ट. कमरेचं काय झालं होतं ते सांगत नाही.

हौस लेकीची. ती तळोज्याला कंपनीत लॅबमध्ये काम करते. लग्न केलं नाही, गाडी चालवते. नेपाळात पोखऱ्याला जायचं म्हणून दोन वर्षं सुट्ट्या साठवल्या. गाडी मात्र माझ्या नावावर. आमच्या घरात तशी रीतच आहे. पुरुष होडी घेऊन जातो, परत येईल न येईल, म्हणून होडीचे कागद बाईच्या नावावर. लेकीने मोटरसायकल घेतली तीही सवयीने माझ्या नावावर केली. आपण स्वतः बाई आहोत हे तिच्या लक्षातच आलं नाही. मी म्हटलं, “तू काय गो, गाडी घेऊन समिंद्रात जातंस?”

निघायच्या आधी तिला कळलं, सीमेवर गाडीचा मालक सोबत हवा, नाहीतर वकिलाकडून पत्र. मी म्हटलं, “पत्र कशाला? मालक जिवंत हाय.” आणि मागे बसले.

त्या ऑफिसात आमच्या पुढे सहा जण होते. मोठ्या गाड्या, चामड्याची जाकिटं. त्यांना आत खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. त्यांच्यातल्या कुणाला कुणी अंगठा मागितला नाही. पेन दिलं. मला मात्र विचारलंही नाही की बाई, सही येते का? लुगडं बघितलं, हातावरचं गोंदण बघितलं, आणि ठरवलं.

मी पॅड बाजूला केलं आणि कागद हातात घेतला. हिंदी असली तरी अक्षरं आपलीच. मी चौथी पास आहे. हळू वाचते, पण वाचते. खाली लिहिलं होतं, “वाहन की मालकिन अनपढ है. यह कागज उसे पढकर सुनाया गया.”

कुणी वाचून दाखवला होता? कुणीच नाही.

असा कागद माझ्यासमोर पहिल्यांदा आला नव्हता. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा नव्या शहरासाठी आमच्या जमिनी घ्यायला साहेब आले. देवळापुढे टेबल टाकून बसले. आजीने दिलेला जमिनीचा एक तुकडा माझ्या नावावर होता, मिठागराच्या बाजूला. साहेबाने पॅड पुढे केलं. मी म्हटलं, सही येते. तो हसला. म्हणाला, “तुझं नाव लिहून होईपर्यंत संध्याकाळ होईल. लाव लवकर.” सासरे, दीर, सगळा गाव बघत होता. मी अंगठा दिला. कागद वाचलाच नाही. वाचता येत असून वाचला नाही. चार दिवस शाई निघाली नाही. बाजारात बसायचे तर अंगठा मुठीत दाबून ठेवायचे. जमीन गेली त्यापेक्षा मला ते जास्त लागलं. साहेबाने मला अडाणी ठरवलं होतं आणि मी अंगठा लावून “हो” म्हटलं होतं.

“क्या पढ रही है? लगाओ,” खिडकीतून आवाज आला.

जाकीटवाल्यांतला एक मागे वळला. वाशीचा निघाला. गोड आवाजात म्हणाला, “मावशी, एका अंगठ्याने काय होतंय? आम्हाला उजेडात पोचायचंय. तुमच्या कागदापायी आमचे पण कागद अडकलेत.”

मी म्हटलं, “तुमी दिला काय अंगठा?”

तो मोबाइल बघायला लागला.

लेक माझ्या कानाशी आली. तिला रडू येत होतं. आज सीमा ओलांडली नाही तर सुट्टी पुरणार नव्हती. उलटं फिरायला लागणार होतं. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

“आये, दे ना गो अंगठा. कोन बघतंय?”

“मी बघतंय.”

तिच्या खिशातलं पेन मी काढून घेतलं. अनपढवाल्या ओळीवर काट मारली. खाली माझं नाव लिहिलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. वेळ लागला. लागू दे. कागद खिडकीतून आत दिला.

त्याने वाचला. आता पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग कागद उभा फाडला.

“फॉर्म खराब कर दिया. दूसरा कल मिलेगा. अंगूठा लगाना है तो अभी दे दूँ.”

म्हणजे फॉर्म होता. फक्त सहीसाठी नव्हता.

“नही,” मी म्हटलं.

जाकीटवाले गेले. त्यांच्या गाड्यांचा आवाज पलीकडच्या देशात जाऊन बंद झाला. आम्ही पिशवी बांधली आणि गाडी फिरवली.

दोन दिवस लेक माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ढाब्यावर जेवताना म्हणाली, “तुझ्यामुले गेलं, आये.”

“हां. माझ्यामुले गेलं.” मी माफी मागितली नाही. तिची दोन वर्षं गेली, ती मी भरून देऊ शकत नाही. तरी मागितली नाही.

आता ती म्हणते, गाडी तिच्या नावावर कर, ती एकटी जाऊन येईल. मी नाही म्हटलं. गाडी माझ्या नावावरच राहील. पुढच्या सुट्टीत मी पुन्हा मागे बसणार, त्याच खिडकीसमोर उभी राहणार, आधी कागद वाचणार, मग पेन मागणार. दिलं तर पुढे जाऊ. नाही दिलं तर पुन्हा परत येऊ. कितीही वेळा. मी जिवंत आहे तोवर माझा अंगठा कुणाला मिळणार नाही.