सुभाष ठवकरांनी पास केलेला डबा

सुभाष ठवकर नागपूरहून भोपाळला आले तेव्हा बावीस वर्षांचे होते. तिथल्या मोठ्या कारखान्यात, तपासणीच्या खात्यात, त्यांनी छत्तीस वर्षं काढली. यंत्राचा भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि पास की नापास ते सांगायचं. निवृत्तीनंतर अयोध्या नगरात घर बांधलं, आणि हाताची सवयही त्या घरात राहायला आली. दुधाची पिशवीसुद्धा त्यांच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय फुटत नसे.

त्यांच्या पत्नीला, निर्मलाबाईंना, मधुमेह निघाला. ठवकरांनी दुसऱ्याच सकाळी त्यांचे पोहे बंद केले. पोह्यांवर शेव भुरभुरल्याशिवाय बाईंची सकाळ कधी उजाडली नव्हती. 

पोह्यांच्या जागी काय, ते ठरवायला ठवकर दुकानात गेले. नाश्त्याचा एकेक डबा उलटा करून मागचं बारीक छापील वाचू लागले. यात रंग घातलाय, ठेव परत. यात साखर दुसऱ्याच नंबरला, ठेव परत. दुकानदार कंटाळला.

"बाबूजी, नाश्ता है, बॉयलर नहीं!"

"बॉयलर फुटला तर आवाज तरी होतो," ठवकर म्हणाले.

जे जास्त घातलं ते यादीत आधी लिहितात, हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी एक डबा मनासारखा निघाला. गहू, ओट, मका, नाचणी आणि साखर थेट पाचवी. तो डबा पास झाला. रोज सकाळी ते स्वतः वाटी भरत, स्वतः दूध ओतत.

"गोड लागतं हो हे," बाई म्हणत.

"धान्याचा गोडवा आहे तो. खा."

तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर साखर वाढलेली. सहा महिन्यांनी आणखी वाढली.

"काहून वाढते मग?" ठवकर एक दिवस गरजले. "तू चोरून खातेस."

"मी? काय खाते मी?"

ठवकरांनी फळीवरचे सगळे डबे खाली काढले, एकेकाचं झाकण उघडलं. मिसळणाच्या डब्यात बोट फिरवून पाहिलं. देवघरात खडीसाखरेची डबी सापडली. ती त्यांनी मोरीत पालथी केली आणि वर नळ सोडला.

"अहो, नैवेद्याची आहे ती!"

"देवाला मधुमेह नाही. तुला आहे."

खडे विरघळेपर्यंत बाई मोरीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यानंतर खाण्याबद्दल त्यांनी नवऱ्यापाशी एक शब्दही काढला नाही.

दिवाळीला मुलगी जुई नागपूरहून यायची होती. तिला घ्यायला दोघं हबीबगंज स्टेशनवर गेले. फलाटावर चालताना बाईंना नवी चप्पल चावली. करंगळीला ज्वारीच्या दाण्याएवढी जखम झाली. दुसऱ्या कुणाची चार दिवसांत सुकली असती. ही तीन आठवड्यांत काळी पडली. करंगळी काढली, मग शेजारचं बोट, मग अर्धं पाऊल.

बाई दवाखान्यात असताना, आईसाठी थांबलेल्या जुईनं एका सकाळी तो डबा हातात घेतला.

"बाबा, साखरेच्या खालचं वाचलं होतं का? ग्लुकोज सिरप. माल्टचा अर्क. मध. हे माल्टोडेक्स्ट्रिन तर जिभेला गोडही लागत नाही, पण रक्तात त्याची साखरच होते."

"थोडं थोडं आहे ते सगळं."

"मग बेरीज करा ना, बाबा."

ठवकर खाली बसले. नव्या पोरांना त्यांनी वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं. एका चकतीत केसाएवढी चूक चालते, पण तशा दहा चकत्या एकावर एक चढवल्या की झाकण बसत नाही. सुटे भाग मापात असूनही त्यांनी अख्ख्या जोडण्या परत पाठवल्या होत्या. आणि इथं, घरात, एकेक नाव वेगळं वाचून सोडून दिलं.

त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, "एका वाटीनं पाय जात नाही, काका. वय असतं, शरीर असतं. कशामुळे किती, ते कोणी सांगू शकणार नाही." चूक सारी तुमचीच, असं ते म्हणाले असते तर ठवकरांना धरायला काही मिळालं असतं. ज्याला मापच नाही ते कुठं ठेवायचं, हे त्यांना येत नव्हतं.

बाई घरी आल्यावर ठवकरांनी सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डब्याचं मला काही नाही हो. तुम्ही चांगल्यासाठीच आणला. पण मी चोरून खात नाही म्हणत होते ना? मग माझे डबे काहून उघडले?"



दुसऱ्या दिवशी जुईनं भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. बाईंनी ताट घेतलं आणि हात न लावता नवऱ्यापुढे धरलं.

"तपासा."

आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता.

"खा गं," ठवकर म्हणाले.

"आधी बघा."

ठवकरांची मान वर झाली नाही. बाई ताट धरून तशाच बसल्या. भाकरी निवत गेली.